गणपतीच्या गोळ्या

त्या गोळ्यांच्या पट्टीवर नाव छापलेलं असे, पण ते कुणी वाचत नसे. श्रावण संपत आला की आमच्या गावातल्या बायका रत्नागिरीच्या बाजारात जात आणि औषधाच्या दुकानात "गणपतीच्या गोळ्या द्या" एवढंच म्हणत. दुकानदारही काही न विचारता पट्टी कागदात गुंडाळून देई. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं, चुलीशी हात हवेत, आणि नेमकी तेव्हाच घरातली सून मागच्या पडवीत बाजूला बसली तर सगळ्यांचीच पंचाईत. म्हणून गोळ्या. शिमग्याला देवाची पालखी घरात यायची तेव्हाही त्याच, आणि मे महिन्यात वाडीची सत्यनारायणाची पूजा असली की तेव्हाही त्याच.

आमच्या घरात त्या आई आणायची.

आई गेली त्याला आता पाच महिने झाले. भेटायला आलेले लोक तिच्या हाताच्या चवीबद्दल बोलले, तिच्या कष्टांबद्दल बोलले, सोनूबाईंनी कधी कुणाला उलटून उत्तर दिलं नाही असंही एकजण म्हणाला.  तिनं उत्तर दिलं होतं. एकदाच दिलं, आणि ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

आमचं घर हातखंब्यावरून आत गेल्यावर आहे. घर एकच, पण सामाईक. एका बाजूला थोरले काका भिकाजी, म्हणजे आबा, आणि काकू; दुसऱ्या बाजूला आम्ही. बाबा सत्त्याण्णव साली गेले. त्यानंतर आमच्या बाजूला आई आणि धाकटा भाऊ संदेश एवढीच माणसं उरली, आणि संदेशही नोकरीसाठी मुंबईत. मी शिक्षिका, रत्नागिरीत मांडवीला दोन खोल्या घेऊन राहत होते. गणपती मात्र घराण्याचा एकच, आबांच्या माजघरात. त्यामुळे सणाचा शब्दही आबांचाच.

आई लग्न होऊन आली तेव्हापासून आबांशी थेट बोलली नव्हती. थोरल्या दिराशी बोलायचं नाही ही तिच्या वेळची रीत. आबा समोर सुपारी कातरत बसलेले असले तरी ती काकूकडे बघून म्हणायची, "आबांना सांगा, तांदूळ संपत आलेत." आबाही काकूलाच सांगायचे, "आणतो म्हणावं." काकूनं मध्ये मान हलवायची एवढंच काम. कधी कधी ती हलवायच्या आत उत्तर येऊन गेलेलं असे.

नव्व्याण्णवच्या मे महिन्यात संदेशचं लग्न झालं. मुलगी लांज्याकडची, ज्ञानेश्वरी. आम्ही तिला ज्ञाना म्हणू लागलो. ती आईला आत्या म्हणे, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. बारीक अंगाची, हसतमुख, आणि कामाला इतकी चटपटीत की काकूला नाव ठेवायला जागा शोधावी लागे. काकूला ती लवकरच सापडली.

ज्ञानाची पाळी कधीच वेळेवर येत नसे. माहेरीही नव्हती येत. कधी दीड महिन्यानं, कधी तीन महिन्यांनी. शहरात हे चार भिंतींच्या आत राहिलं असतं. गावात घरातली बाई बाजूला बसते, तिचं ताट वेगळं, तिचं अंथरूण मागच्या पडवीत. त्यामुळे कोण कधी बसली हे सगळ्या वाडीला ठाऊक. आणि कोण बसली नाही हेही.

लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला काकूच्या लक्षात आलं की ज्ञाना बरेच दिवस पडवीत दिसली नाही. तिनं विहिरीवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेजारची बाई आवळे घेऊन आली, तिसऱ्या दिवशी कुणी लोणच्याची बरणी आणून ठेवली. ज्ञाना नको म्हणायला लाजत होती आणि खरं काय ते तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. मग एका सकाळी ती अंथरूण घेऊन पडवीत गेली. लोणच्याची बरणी कुणी परत मागितली नाही, पण "टिकत नाय हो तिला" असं वाडीत सुरू झालं. राहिलंच नव्हतं, तर टिकणार काय, हे कोण कोणाला सांगणार? पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तेव्हा मात्र कुणी लोणचं आणलं नाही.

संदेश परळला एका छापखान्यात मशीनवर होता. राहायला गावकीची खोली. आमच्या गावच्या पुरुषांनी वर्गणी काढून पूर्वी कधीतरी घेतलेली ती खोली. भिंतीला ओळीनं ट्रंका, रात्री एकमेकांना लागून वळकट्या. तिथं बायको नेणं शक्यच नव्हतं. मग तो गावी यायचा तो गणपतीला, शिमग्याला आणि जमलं तर मेमध्ये वाडीच्या पूजेला. थोडक्यात सांगायचं तर संदेश यायचा तो देवांबरोबर, आणि देव येणार म्हटलं की गोळ्या सुरू. बाकीच्या सुनांना निदान आपली तारीख ठाऊक असे, त्या दोन-तीन दिवस आधी पहिली गोळी घेत. ज्ञानाची तारीखच ठरलेली नाही. कधी येईल सांगता येत नाही म्हणून आई तिला पुष्कळ आधीपासून गोळ्या द्यायची. सण आटोपला, गोळ्या बंद झाल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येई, आणि तोवर संदेशची एस.टी. मुंबईला पोचलेली असे. काकू पडवीकडे बघून म्हणायची, "ह्याबी टायमाला कोरडाच गेला म्हणायचा."

अशी तीन वर्षं गेली. दोन हजार दोनच्या शिमग्यानंतर काकूनं आईला स्पष्टच सांगितलं की आबा संदेशसाठी दुसरी मुलगी बघायचं म्हणतायत. पहिलीला कुणी घालवत नाही, राहील घरात, कामाला होईल. आई तेव्हा भात पाखडत होती. ती म्हणाली, "आबांना सांगा, मी तिला एकदा डॉक्टरीणबाईंना दाखवून आणतंय." काकू म्हणाली की अंगारे झाले, भटाकडे जाऊन झालं, आता डॉक्टर कशाला. आई पाखडत राहिली.

आई आणि ज्ञाना पहाटेच्या गाडीनं मांडवीला माझ्याकडे आल्या. माझी घरमालकीण कुलसुम चाची. तिचा मुलगा यासीन बोटीवर असायचा. डॉक्टरीण तिनंच सुचवली होती, तिच्या सुनेलाही तिथंच गुण आला होता. चाची आणि आई एकमेकींना फार आवडत. चहा देताना चाचीनं संदेश घरी किती असतो ते विचारलं आणि आईनं सांगितल्यावर कपाळाला हात लावला.

"सोनूबाय, आमचा यासीन दर्यावर असतो. तरी आला की दोन-दोन महिने हलत नाय. तुमचा पोरगा जमिनीवर राहून पावण्यासारखा येतो होय?"

आई हसली. ज्ञाना खाली बघत होती, पण तीही हसली. त्या सकाळी दोघी पहिल्यांदाच हसल्या असाव्यात.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी ज्ञानाला तपासलं, सोनोग्राफी केली, रक्त घेतलं. मग तिला समोर बसवून एक एक विचारू लागल्या. पाळी पहिल्यापासूनच अशी का, वजन कमी-जास्त झालं का, चेहऱ्यावर केस येतात का, नवरा कुठे असतो. ज्ञाना जेमतेम मान हलवत होती, म्हणून उत्तरं आई देत होती. नवरा मुंबईला. येतो गणपतीला, शिमग्याला, पूजेला.

"बरं. कुठली औषधं चालू आहेत?"

आई म्हणाली, "औषधं काय नायत. गणपतीच्या गोळ्या तेवढ्या घेते. त्या काय, सगळ्याच घेतात."

"त्या कधी घेते?"

"गणपतीला. शिमग्याला. पूजेला."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला ते पेन ठेवणं अजून आठवतं. आईचा चेहरा बदलायला लागला होता.

मग बाईंनी समजावून सांगितलं. घाईनं नाही, आणि आईकडे न बघता ज्ञानाकडे बघून. पाळी अनियमित असली म्हणजे मूल होणारच नाही, असं नाही. बाईच्या अंगात बीज तयार होतं आणि सुटतं, तेव्हाच दिवस राहतात. पाळी नियमित असेल तर ते कधी सुटेल याचा अंदाज बांधता येतो. ज्ञानाच्या बाबतीत ते वर्षात कमी वेळा सुटतं आणि कधी सुटेल हे आधी सांगता येत नाही. म्हणून तिच्यासाठी वेळ कमी, पण वेळ आहे. एकच की ती साधायची तर नवरा-बायको एकत्र राहायला हवीत, आठवड्यातून दोन-तीनदा जवळ यायला हवीत, कॅलेंडर बघून नाही. सणापुरतं येऊन भागत नाही. आणि त्या सणात या गोळ्या. एक-दोन दिवस पाळी लांबवायला घेतल्या तर गोष्ट वेगळी. इतक्या आधीपासून घेतल्या तर त्या बीज सुटणंच थोपवू शकतात.

"गोळ्यांमुळेच सगळं झालं, असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पाळी हिची आधीपासूनच मागे-पुढे होती. बीजकोशावर बारीक बारीक पाण्याचे फुगे दिसतायत, त्याला औषध आहे. थायरॉइडचं कळेल रक्त तपासल्यावर. आणि नवऱ्याचीही तपासणी करायची, एकट्या हिची नाही. पण नवरा घरी आणि गोळ्या पोटात, असं नको."

आईनं विचारलं, "म्हंजे बाई, एवढ्या वर्सांत ह्या पोरीला एकदाबी नीट वेळ मिळालीच नाय?"

बाईंनी खोटं बोलायचं टाळलं. "फारशी नाही," त्या म्हणाल्या.

परत जायच्या गाडीला वेळ होता. एस.टी. स्टँडवर आम्ही तिघी बाकावर बसलो. आजूबाजूला गर्दी होती, कुणी भाजीच्या टोपल्या मध्येच ठेवल्या होत्या. आई ज्ञानाकडे वळून म्हणाली, "गोळ्या मी आणल्या." ज्ञाना म्हणाली, तुम्ही चांगल्यासाठीच आणल्या, आत्या. आईनं मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून हे मला कळलं नाही. त्यापुढे ती रडली नाही, माफी मागितली नाही, देवाला दोष दिला नाही. मी पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत आणि त्यांत पश्चात्तापाची पानंच्या पानं आहेत. आईनं तो एका वाक्यात उरकला आणि कामाला लागली.

काम म्हणजे काय ते मला गणपतीत दिसलं.

त्या वर्षी तिनं गोळ्या आणल्या नाहीत. कुणाला सांगितलंही नाही. ज्ञाना घाबरली होती. आईनं तिला एवढंच सांगितलं की आली तर बस बाजूला, नाही आली तर मोदक वळायला ये. आणि व्हायचं तेच झालं. गणपती बसले, दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञाना अंथरूण घेऊन मागच्या पडवीत गेली. घरात मुंबईची सगळी माणसं, बाहेर पावसाची झोड, चुलीवर दोन मोठी पातेली. काकूचे गुडघे दुखायचे, तिला उठबस होत नव्हती. तिच्या दोन्ही सुना मुंबईच्या, त्यांना उकडीची सवय नाही. काकू एवढ्या मोठ्यानं बोलू लागली की आरतीला आलेल्या शेजाऱ्यांनाही ऐकू जावं. गोळ्या घेतल्या नाहीत की काय? कुणाच्या परवानगीनं? एवढ्या माणसांचं आता कोण बघणार?

आई म्हणाली, "मी आहे." आणि तिनं बघितलं. नारळ खवले, पीठ मळलं, मोदक वळले, सुनांना जवळ बसवून पाकळ्या कशा काढायच्या ते दाखवलं. दोघी हसत-खिदळत शिकल्या. मी पाणी भरत होते आणि अधूनमधून तिच्याकडे बघत होते. तिची पाठ वाकायला लागली होती तेव्हा. पण त्या दिवशी तिनं कुणाला ते कळू दिलं नाही.

दुपारी पहिली पंगत बसली. आबा मध्ये, दोन्ही बाजूंना मुंबईचे मुलगे, पुतणे, जावई. संदेश टोकाला. आबांनी मोदक फोडला, तूप घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला सुरुवात केली. घराण्याचं नाव, गेलेल्या भावाचा, आत्मारामाचा वंश, सणाच्या दिवशी घरातली सून पडवीत बसते हे लक्षण बरं नाही. लांज्याकडेच एक स्थळ आहे, मुलगी चांगली, घरचे तयार आहेत. संदेशनं दिवाळीत रजा काढावी.

संदेश ताटाकडे बघत होता. तो मुळातच कमी बोलणारा, आणि आबांपुढे तर कुणीच बोलत नसे.

स्वयंपाकघराच्या दारातून आई बाहेर आली. हाताला उकड चिकटलेली होती. डोक्यावरचा पदर तिनं मनगटानं सारखा केला. काकूकडे बघितलंसुद्धा नाही.

"आबा," ती म्हणाली.

पंगत थांबली. एका पुतण्याचा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांत आबांनी तिचा आवाज आपल्या दिशेनं येताना ऐकला नव्हता. त्यांनी मान वर केली आणि सवयीनं काकूकडे बघितलं. काकूही बघतच राहिली होती.

"तीन वर्सं मी तिला गोळ्या चारल्या," आई म्हणाली. "देवाच्या नावानं. देवानं मागितल्या नव्हत्या, आपल्याला रांधायला हात हवे होते म्हणून चारल्या. घोव घरात आला की हिच्या पोटात गोळी. पोर कुठनं यायचं? डॉक्टरीणबाईनं मला समोर बसवून सांगितलं. चूक असेल तर माझी हाय, तिची नाय. दुसरी आणलीत तर तिलाबी मीच गोळ्या देणार, मग तिच्यावर तिसरी आणा."

कुणीतरी हसू दाबलं.

आबा आता काकूकडे बघून म्हणाले, "तिला सांग, हे पुरुषांच्या पंगतीत बोलायचं नाय."

"मी हितंच हाय, मला सांगा," आई म्हणाली. "आजपासून ह्या घरात कोण सुनेला गोळी घ्यायला सांगणार नाय. कुणाला अडचण आली तर मी रांधेन. मी मेले की तुमचं तुम्ही बघा. आणि संदेश आता मुंबईला ऱ्हाणार नाय. मिरजोळ्याला कारखाने हायत, तिकडं बघू दे काम."

हे मात्र आबांना लागलं. मुंबईची नोकरी सोडायची? ते म्हणाले की सगळं गाव मुंबईवर जगतंय आणि हा इथं येऊन काय आंब्याची खोकी बांधणार?

"बांधू दे खोकी. गावकीच्या खोलीत बायको नेता येत नाय, आणि पोर काय टपालानं येत नाय, आबा."

आता सगळी पंगत हसली. तोंडात घास असलेल्या जावयाला ठसका लागला. आबांच्या मिश्या हलल्या, त्या रागानं की हसू आवरताना, हे सांगता येणार नाही. पण ते पानावरून उठले नाहीत. उलट तूप आणखी मागितलं.

त्या गडबडीत संदेश आपलं ताट उचलून उठला. माजघरातून, स्वयंपाकघरातून, आईच्या अंगावरूनच गेला आणि मागच्या पडवीच्या पायरीवर जाऊन बसला. ज्ञाना आत भिंतीशी होती. दोघांच्या मध्ये उंबरा. तिला शिवायचं नाही हे तो पाळत होता, पण जेवणार तिच्यासमोर. काकूनं हे बघून तोंडाला पदर लावला. आईनं मोदकांचं पातेलं घेतलं, पायरीवर जाऊन त्याला वाढलं आणि ज्ञानाच्या वेगळ्या ताटातही वरून दोन सोडले. "गरम आहेत तवर खा," एवढंच म्हणाली.

आबांनी त्यानंतर वर्षभर आईशी अबोला धरला. आधी ती त्यांच्याशी बोलत नव्हती, आता ते तिच्याशी बोलत नव्हते, त्यामुळे रोजच्या कामात फरक पडला नाही. दुसरं स्थळ मात्र पुन्हा निघालं नाही.

जानेवारीत संदेश मुंबई सोडून आला. मिरजोळ्याच्या वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी करणारा एक कारखाना होता, तिथं त्याला छपाईच्या मशीनवर काम मिळालं. तो सायकलनं हायवेपर्यंत जायचा, तिथून बस. वाडीतल्या पुरुषांनी त्याला पुष्कळ दिवस चिडवलं. बायकोसाठी मुंबई सोडणारा आमच्या गावातला तो पहिलाच. कुणी आईच्या समोर बोललं तर ती म्हणे, "होय, बायकोसाठीच. तुमच्या बायकोला विचारा, तिला कसा वाटतो तो." त्यानंतर तो विषय तिच्यासमोर कुणी काढला नाही.

ज्ञानाची औषधं सुरू झाली, संदेशच्याही तपासण्या झाल्या आणि त्यात काही दोष निघाला नाही. थायरॉइड थोडं होतं, त्याची गोळी रोज सकाळी. पण पाळी काही घड्याळासारखी झाली नाही. दोन वेळा नीट आली, मग पुन्हा लांबली. काकू वाळत घातलेल्या कपड्यांवर नजर ठेवून असायची, पडवीकडे बघायची.

तेव्हा आईनं एक गोष्ट केली. मे महिन्यात पावसाळ्याची लाकडं फोडून आली, ती दरवर्षी गोठ्याच्या कडेला रचली जात. आईनं त्या वर्षी ती मागच्या पडवीत रचायला लावली, भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत, छतापर्यंत. बसायला जागाच उरली नाही. काकूनं विचारलं, आता कुणाला बसायचं असलं तर कुठं बसणार?

"काय करणार," आई म्हणाली, "लाकडं भिजली तर चूल कशी पेटायची?"

पावसाळा संपला तरी लाकडं तिथंच राहिली. ज्ञाना घरातच वावरू लागली. ती कधी बाजूला बसायला हवी होती आणि कधी नव्हती, हे कुणाला कळेनासं झालं. वाडीत दिवस मोजणाऱ्या बायकांना मोजायला काही उरलंच नाही. आई स्वतःही मोजत नव्हती. ज्ञानानं मला पुढे सांगितलं, त्या सगळ्या काळात आत्यांनी एकदाही विचारलं नाही. तिच्या माहेरहून फोन यायचा, "काय गोड बातमी?" असं विचारलं जायचं. आई विचारायची, जेवलीस का.

आईला चाकोरी मोडायची होती, असं मी म्हणणार नाही. तिला असले शब्द ठाऊक नव्हते, आणि देवावरची तिची श्रद्धा शेवटपर्यंत होती तशीच राहिली. पालखी आली की ती पहिल्यासारखीच अंगण सारवायची, ओटी भरायची. तिला एवढंच दिसलं होतं की एका मुलीला संधी मिळाली नाही, आणि ती तिला मिळेपर्यंत मध्ये येईल त्याला बाजूला सारायचं. आबा मध्ये आले, मुंबई मध्ये आली, पडवी मध्ये आली. तिनं एकेक बाजूला केलं, आवाज न करता, ती पंगत सोडली तर.

दोन हजार तीनच्या डिसेंबरात एका सकाळी दोघी पुन्हा माझ्या दारात उभ्या राहिल्या. शाळेला नाताळची सुट्टी होती. आईनं चप्पल काढता काढता सांगितलं की ज्ञानाला बरेच दिवस झालेत, पण तिचं असं होतंच, म्हणून कुणाला काही बोललो नाही. संदेशलासुद्धा बाजाराला जातो म्हणून सांगितलंय. दोनदा आशा धरून ज्ञाना तोंडघशी पडली होती, तिसऱ्यांदा तिला धरवत नव्हती.

दवाखान्यात आम्ही बाहेर बाकावर बसलो. तपासायला लघवी दिली, मग आत बोलावलं. बाईंनी ज्ञानाला झोपवून सोनोग्राफी केली आणि पडद्याकडे बघत राहिल्या. मग पडदा ज्ञानाच्या बाजूला वळवला. तिथं एक छोटासा ठिपका लुकलुकत होता. ज्ञाना त्याच्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरून कडेनं उशीवर पाणी ओघळत होतं, पण ती ते पुसत नव्हती.

"दिवस आहेत," बाई म्हणाल्या. "ठोका चांगला आहे."

आईनं पडद्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "हिची तब्येत बरी हाय ना?"

बाई हसल्या. ज्ञाना बरी आहे म्हणाल्या, रक्त थोडं कमी आहे, गोळ्या देते, थायरॉइडचीही वाढवू या. गोळ्या म्हटल्यावर आईनं कागद मागून घेतला आणि प्रत्येक औषध कशासाठी ते एकेक करून विचारलं. मी बाजूला उभी राहून ऐकत होते. कुठलंही औषध काय आहे ते कळल्याशिवाय तिनं ते पिशवीत घातलं नाही.

मांडवीला परत आलो तेव्हा दुपार झाली होती. कुलसुम चाचीला ज्ञानाच्या चेहऱ्यावरूनच कळलं. तिनं काही न विचारता वरून तांदळाची वाफवलेली सांदणं पाठवली आणि ज्ञानानं ती सगळी खाल्ली. मी ताटं घासून आले तेव्हा आई खिडकीखाली चटईवर आडवी झाली होती. हात उशाला, पदर अंगावर. झोपली होती. मी चाळीशीला आलेली बाई, पण आईला दिवसा झोपलेली मी कधी बघितली नव्हती. आजारपणातही ती भिंतीला टेकून बसायची. तोंड किंचित उघडं होतं, कपाळावरच्या आठ्या नव्हत्या. तरुण दिसत होती असं म्हणणार नाही. दमलेली दिसत होती, आणि ते दमणं तिनं पहिल्यांदाच लपवलं नव्हतं.

ज्ञाना तिच्या पायाशी बसली होती. तिनं माझ्याकडे बघून हलक्या आवाजात विचारलं, "वन्सं, दुपारची गाडी हाय आपली. उठवू का?"

मी नको म्हटलं. गाड्या संध्याकाळीही असतात.

ज्ञानानं उठून खिडकीचं एक दार ओढून घेतलं, आईच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून, आणि पुन्हा येऊन बसली.